चौरंगावरून उडी

माझ्या मुलीच्या संघातली एक मुलगी सॉकर खेळताना वळली आणि पडली. तिला कुणी ढकललं नव्हतं. तिच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. आमच्या गावी, नोव्हायला, घरी येताना गाडीत माझी बायको म्हणाली, "आता तू खेळायचं नाहीस."

मागच्या सीटवर आधी रडणं, मग इंग्रजी, मग रडत रडत इंग्रजी.

काही दिवसांनी शाळेने एका फिजिओथेरपिस्ट बाईंना बोलावलं. त्यांनी पालकांना समजावलं, की असे गुडघे पुष्कळदा उडीवरून उतरताना किंवा धावता धावता गर्रकन वळताना जातात. उतरताना गुडघे वाकलेले हवेत, पावलांच्या रेषेत हवेत, आत झुकता कामा नयेत. धपकन नाही, मांजरासारखं उतरायचं, आणि हे सवयीने येतं. बायकोने मन लावून ऐकलं आणि परतीच्या वाटेवर निकाल बदलला.

"मांजर हो, मग खेळ."

"पण मी मांजर झाले हे ठरवणार कोण?"

"बाबा. ते खाली वाचत बसतात. त्यांना ऐकू आलं नाही की झालीस."

असा मी परीक्षक झालो. घर लाकडी, आणि तळघरातल्या माझ्या खुर्चीच्या बरोबर वर बैठकीची खोली. उडीसाठी थोडी उंची हवी होती, म्हणून बायकोने पूजेचा चौरंग काढला. काढला खरा, पण त्यावर पाय ठेवायचा कसा, हे तिच्याच जिवाला लागलं. तोडगाही तिनेच काढला: दर उडीआधी चौरंगाला नमस्कार.

धप्प.

"ऐकू आलं!" मी खालून ओरडायचो.

"आई, ही इज सो मीन!"

"मीन नाही, खरं बोलतायत. गुडघे बघ तुझे, एकमेकांच्या गळ्यात पडतायत. बाहेर ठेव!"

एकदा असा दणका बसला की माझ्या डोक्यावरचा दिवा हलला.

"हे कोण?" मी विचारलं.

वर खुसखुस. मग बायकोचा आवाज आला, "वाचा तुम्ही."

तो उन्हाळा मी एकाच पुस्तकाच्या त्याच त्या पानावर काढला. धप्पचा थप्प झाला, थप्पचा नुसता टप. मग एका संध्याकाळी काहीच ऐकू येईना. मी वाट पाहिली. पान उलटलं. शेवटी राहवेना.

"अगं, मार की उडी!"

वर दोघी खदखदून हसल्या. "बाबा, मी केव्हाची मारतेय!"

मी पुस्तक हातात तसंच धरून जिना चढलो. मायलेकी गालिच्यावर लोळत होत्या. मीही खाली बसलो आणि चष्मा काढून हसलो. असा मी फार वेळा हसलेलो नाही.

शाळा सुरू झाली. कोचने सरावासाठी लाकडी खोकं ठेवलं. आमची कन्या पुढे झाली, सवयीने वाकली, खोक्याला हात लावून कपाळाला लावला आणि उडी मारून अलगद उतरली. कोचला वाटलं, हा व्यायामाचाच भाग असणार, आधी वाकलं की कंबर मोकळी होते.

"गुड! एव्हरीबडी, डू दॅट!"

मग सोनेरी वेण्यांच्या पोरी एकामागून एक खोक्याच्या पाया पडू लागल्या. बायकोने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

"अहो, आता प्रसादाचं बघायला हवं!"

पुढच्या सामन्याला तिने संत्र्याच्या फोडी नेल्या. इथल्या आयाही नेतात, पण हिने प्रत्येकीला उजवा हात पुढे करायला लावला. मुली खूष. कोचनेही हात पुढे केला.

मुलगी शाळा संपेपर्यंत खेळली. पडली, खरचटली, गुडघ्याला मात्र काही झालं नाही. पुढे बायको आजारी पडली आणि गेली. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं, ते बऱ्याच दिवसांनी उचललं.

चौरंग आता माझ्या खुर्चीजवळ आहे. मुलीचे दोन्ही गुडघे शाबूत आहेत. ती जवळच्या ॲन आर्बर शहरातून येते, वर चालते, आणि मला खाली ऐकू येत नाही.