तित्तीला धूर द्यायचा राहिला

आमच्या ऑर्केस्ट्रातला ड्रमवाला रौफ माझ्याशी नेहमी मराठीत बोलतो. मी मराठीचा मास्तर, म्हणून तो जरा जास्तच शुद्ध बोलायला जातो आणि फसतो. त्या सकाळी मात्र फोनवर तो एवढंच म्हणाला, "सर, अपना मन्मथ गया..." आणि पुढचं त्याला बोलता येईना. मी नायगावच्या घरात आरशासमोर दाढी करत उभा होतो. होता तसा फेस पुसला आणि मिळेल त्या एसटीत बसलो. लातूरला उतरलो तेव्हा एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर पांढरी खुंटं. मन्मथनं पाहिलं असतं तर दिवसभर माझी सालटी काढली असती. मातीच्या वेळी रौफ माझ्या शेजारीच होता, त्यालाही ते दिसलं असणार. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे मन्मथला बसवून समाधी दिली. जन्मभर स्टेजवर सगळ्यांच्या मागे उभा राहिलेला हा माणूस आता कुठं मांडी घालून बसला, एवढंच माझ्या मनात येत राहिलं.

त्याला आता सहा आठवडे झाले. मित्र गेल्यावर माणूस चार चांगले शब्द लिहितो, तसे मलाही लिहिता येतील. पंचेचाळीस वर्षांची मैत्री होती. पण मला आधी एक कबुली द्यायची आहे. सात वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्यानं मन्मथसाठी तेलुगूत काही सांगितलं होतं. ते मराठीत करून सांगायचं काम माझं होतं आणि त्यातलं एक वाक्य मी गाळलं. त्या वाक्यापायी मन्मथ गेला, असं मला वाटतं. त्याच्या पत्नीला, सुनंदावहिनींना, हे तोंडावर सांगितल्याशिवाय कुठं छापायचं नाही असं ठरवलं होतं. परवा सांगून आलो, म्हणून आज लिहितो आहे.

आमची ओळख नांदेडच्या कॉलेजातली. मी देगलूरकडचा, घरात आई तेलुगू बोलायची. तो लातूरचा, घरची डाळमिल. गॅदरिंगला मी गायलो आणि खाली उतरलो, तर जेमतेम मिसरूड फुटलेला एक उंच मुलगा समोर येऊन म्हणाला, "गळा झकास हाय तुझा. पण दुसऱ्या कडव्याला खाली सरकलास. ध्यानात आलं का?" आलं नव्हतं. पुढं पंचेचाळीस वर्षं मी दुसऱ्या कडव्याला खाली सरकत राहिलो आणि तो मला सावरत राहिला. बास गिटार तोवर त्यानं फक्त फोटोत पाहिली होती. तो फोटो मुरुडच्या एका सुताराला दाखवून त्यानं सागवानाची एक करून घेतली. दारं-चौकटी करणारा माणूस तो; गिटारही त्यानं अशी भक्कम केली की गळ्यात अडकवून उभं राहिलं की चौकट उचलल्यासारखं वाटायचं. उन्हाळ्यात तिची मान वाकायची, मग मन्मथ तिला ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचा. पुढं हैदराबादहून जुनी पण खरीखुरी बास आणली, तरी ती सागवानी त्यानं टाकली नाही.

भावानं मिल सांभाळली आणि मन्मथ लातूरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये लागला. शनिवार-रविवार आमचा ऑर्केस्ट्रा. लग्नं, गणपती, देवणीकडच्या जत्रा... टेंपोत मागे ड्रम, स्पीकर आणि आम्ही. एका लग्नात नवरदेवाच्या मामानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, हा मागचा उंच माणूस नेमकं काय करायलाय, याचं तर काहीच ऐकू येत न्हाई. मन्मथला सांगितलं तर तो पुढचं गाणं बास न वाजवता नुसता हात हलवत उभा राहिला. मामांना फरक कळला की नाही, देव जाणे. मी मात्र पहिल्याच ओळीत असा घसरलो की रौफ काड्या खाली ठेवून हसत सुटला. ऑर्केस्ट्रावर मन्मथचं पोट नव्हतं आणि नाव व्हावं अशी इच्छाही नव्हती. आपल्या जोरावर दुसऱ्याचं गाणं उभं राहतं, यातच तो खूश असायचा.

एक मात्र होतं, अंधश्रद्धेचं नाव काढलं की तो सुटायचा. गावोगावच्या शाळांत जाऊन जिभेवर कापूर जाळून दाखवायचा, नारळातून करणी कशी काढतात ते पोरांना शिकवायचा. माझ्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधलेली पाहून त्यानं तिचं नाव 'मातामाई' ठेवलं आणि वर्षभर भेटला की आधी स्कूटरला हात जोडायचा. त्याच्या स्वतःच्या गळ्यात इष्टलिंग असायचं. त्यावरून मी एकदा डिवचलं, तर म्हणाला, "ते आईचं हाय, तिथं बोलायचं न्हाई." हे सगळं सांगायचं कारण, त्याच्या थट्टेला मी भीत होतो. प्रेमाची थट्टा होती, पण भीत होतो.

मग डीजे आले आणि आमच्यासारख्यांना कुणी बोलावेना. त्या रिकामपणात एकदा मी त्याला देगलूरच्या बाजूला जत्रेला नेलं. तिथं तेलुगू कथा सांगणारी मंडळी बसली होती. एक गाणारा, एक ढोलकवाला आणि कडेला नरसय्या नावाचा एक म्हातारा, काखेत कातड्याची फुगलेली पिशवी. तिला तित्ती म्हणतात. शेळीचं अख्खं कातडं, त्याला दोन नळ्या. एकीतून फुंकून हवा भरायची, काखेनं दाबत राहायचं, दुसरीतून एकच एक सूर निघत राहतो. धून नाही, चाल नाही, नुसता सूर. मन्मथ दोन तास जागचा हलला नाही. कथा त्याला एका अक्षरानंही कळली नव्हती. उठताना म्हणाला, "हा म्हातारा माझंच काम करायलाय. फक्त माझ्यापेक्षा लई बरं."

त्यानंतर आम्ही नरसय्याच्या गावी पाचसहा वेळा गेलो. त्याची पोरं हैदराबादला बांधकामावर, तित्तीला कुणी हात लावायला तयार नाही. शेवटी एके दिवशी त्यानं ती मन्मथच्या काखेत दिली, आणि ती कशी सांभाळायची ते अंगणात बसून सांगायला लागला. तो बोलायचा, मी मराठीत करायचो, मन्मथ वहीत उतरवून घ्यायचा. कातडं वाळू द्यायचं नाही. दर आठवड्याला आत गुळाचं पाणी आणि थोडं तेल फिरवायचं. रोज फुंकायची, एक दिवसही तशीच टाकायची नाही. आणि मग तो म्हणाला, "अमासकु वेपाकु पोग पेट्टाले." अमावस्येला कडुलिंबाच्या पाल्याचा धूर द्यायचा. तो कसा, तेही त्यानं हातवारे करून नीट सांगितलं. त्या सकाळीच मातामाईचा उद्धार झाला होता. आता अमावस्या आणि धूर म्हटलं की हा माझ्या आजोळची सगळी भुतं बाहेर काढणार... मी ते वाक्य सोडून दिलं. मन्मथ वहीवर पेन धरून थांबला होता. काय म्हणाले म्हणून त्यानं विचारलं, आणि मी म्हणालो, "काही नाही, जपून वापरा म्हणतात." त्यानं तेही लिहून घेतलं.

पुढची पाच-सहा वर्षं फार सुखाची गेली, हेही लिहायला हवं. मी रिटायर झालो होतो. एक गुरुवार सोडून एक गुरुवारी लातूरला जायचो. त्याच्या मागच्या खोलीत तो तित्ती धरायचा आणि मी गायचो. वचनं, अभंग, येईल ते. पेटीला गाणाऱ्याची दया नसते, पण तित्तीचा सूर काखेच्या दाबानं केसभर वर-खाली होतो. दुसऱ्या कडव्याला मी सरकलो की मन्मथ काख थोडी सैल करायचा आणि माझ्याबरोबर खाली यायचा. मी चुकलो हे तिसऱ्या कुणाला कळायचंच नाही. आयुष्यात मी सर्वांत चांगलं गायलो असेन तर त्या खोलीत, आणि ऐकायला असायच्या फक्त वहिनी, त्याही पोळ्या करता करता.

खोकला कधी सुरू झाला ते नक्की आठवत नाही. आधी आम्ही वयावर ढकललं. मग जिना चढताना तो मध्येच थांबायला लागला. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत म्हणाले. त्यांनी विचारलं, घरात कबुतरं आहेत का, बिडी-सिगारेट, कापसाचं काम, कुजकं धान्य. डाळमिल निघाली! सगळ्यांना उत्तर सापडलं. भावानं मन्मथला मिलमध्ये पाऊल टाकायची बंदी केली. काही वाजवता का, असं डॉक्टरांनी विचारलं नाही, आणि आमच्याही डोक्यात आलं नाही. मधल्या काळात दोन महिने तो पुण्याला मुलीकडे राहिला, तर खोकला निम्म्यावर आला. फोनवर हसून म्हणाला, पुण्याची हवा मानवली बघ, आता शुद्ध बोलायला लागतो. तित्ती लातूरलाच होती. कातडं वाळू नये म्हणून वहिनी तिच्यात न चुकता गुळाचं पाणी घालत होत्या. तो परत आला, पहिल्याच गुरुवारी मी गेलो, आणि आम्ही चार तास बसलो. इतक्या दिवसांनी बसलो म्हणून मीच उठू देत नव्हतो. महिन्याभरात त्याला ऑक्सिजन लागला.

शेवटचा भेटलो तेव्हा तो पलंगावर उशांना टेकून बसला होता. फुंकायचं बळ राहिलं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू गा. मी नुसता दाबतो." आणि रिकामी तित्ती काखेत घेऊन बसला. मी गायलो. दुसऱ्या कडव्याला त्याची काख सैल झाली, ते मी पाहिलं. आवाज कसलाच नव्हता.

तो गेल्यावर पंधराएक दिवसांनी वहिनींनी मला बोलावलं, वाद्यं बघून घ्या म्हणाल्या. बास रौफनं नेली. तित्तीची नळी पुसावी म्हणून मी ती ओढून काढली, आणि कुबट वास आला. उजेडात धरून आत पाहिलं तर कातडं काळं-हिरवं, बुरशीनं भरलेलं. सात वर्षांची ओल आणि गूळ, आणि बुरशी मारणारा धूर एकदाही नाही; नळी तोंडात धरून श्वास घेतला की हीच हवा मन्मथच्या छातीत. अंगणात बसलेला नरसय्या मला त्या क्षणी आठवला, सात वर्षांत पहिल्यांदा. मी त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, शक्य आहे, बुरशीनं असं होतं, पण आता खात्रीनं सांगता यायचं नाही. त्या 'शक्य आहे'नं माझी झोप गेली.

परवा वहिनींसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मध्ये एकदाच बोलल्या.

"मग तुम्ही एवढे गुरुवार येऊन बसत होता, तव्हा बी सांगावंसं वाटलं न्हाई?"

"विसरलो होतो, वहिनी. खरंच विसरून गेलो होतो."

लपवलं होतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. लपवणाऱ्याला निदान टोचणी असते. मला ते वाक्य इतकं किरकोळ वाटलं होतं की मी ते विसरलो. वहिनींनी दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हे सांगून तुम्हाला हलकं वाटलं असंल, भावजी. मला न्हाई वाटलं. ते पाणी मी घालत होते." त्या आत गेल्या. आता आपण उठावं, पुन्हा या घरात येऊ नये, असं माझ्या मनात आलं. पण त्या चहाचे दोन कप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्यानं काय काय सांगितलं ते सगळं सांगा. आता काही गाळू नका."

मी आधी तेलुगूत म्हणालो, मग मराठीत. कातडं वाळू देऊ नका. गुळाचं पाणी, तेल. रोज फुंका. अमावस्येला घमेल्यात गोवरी पेटवून कडुलिंबाचा पाला टाका, नळी काढा, पिशवीचं तोंड धुरावर धरा, भात्यासारखी ओढा, धूर आत घ्या, आणि कातड्याला धुराचा वास लागेपर्यंत बाहेर काढू नका. त्या मान हलवत होत्या. सांगून झाल्यावर उठल्या, कुंपणाजवळच्या कडुलिंबाचा पाला ओरबाडून आणला आणि अंगणात घमेलं मांडलं. मी म्हणालो, वहिनी, आज अमावस्या नाही, आणि आता याचा काय उपयोग. "करायचं राहिलं होतं न्हवं," त्या म्हणाल्या, "मग करायचं."

धूर भरून झाल्यावर त्यांनी नळी बसवली, पदर खोचला आणि तित्ती काखेत घेतली, तो घ्यायचा तशी. कितीतरी वर्षं पोळ्या करता करता बघितलेलं होतं. दाबली. नळीतून धुराची बारीक रेघ निघाली आणि तिच्याबरोबर सूर, घोगरा, पुष्कळ खालचा. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी गाईन असं त्यांना वाटलं असावं. मी तोंड उघडलं, पण मला रडूच आलं. आवाज संपला, धूर विरला, तरी त्यांनी तित्ती काखेतून काढली नाही.

मी निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "दर अमावस्येला येत जावा. मला एकटीला न्हाई जमायचं." मी हो म्हणालो. अमावस्या येत्या मंगळवारी आहे. सकाळच्या पहिल्या गाडीनं मी निघणार आहे.