मामीच्या पेशी मेल्या नव्हत्या

माझी मामी रोज सकाळी कत्तलखान्यात जाते आणि थर्मास भरून मेंढ्यांची अंडाशयं घेऊन येते. 'घरातल्यांची कामं' या विषयावर बोलताना मी शाळेत एवढं एकच वाक्य म्हटलं, तर बाईंनी मला खाली बसवलं. पण खरं ते खरं. थर्मासात कोमट मिठाचं पाणी असतं, कारण अंडाशयं गार पडली की कामातून गेली. वर चिकटपट्टी लावलीय : 'चहा नाही. विचारू नका.'

तिथला खाटीक तिला लांबूनच हाक मारतो, "या कोमटबाई! माल एकदम ताजा!"

"माल ताजा आहे हो, सुरीला धार कधी लावताय? काल निम्मी चिरून दिलीत."

"तुम्हीच एक बघितल्या, कौतुक सोडून चुका काढणाऱ्या!"

मग मामी प्रयोगशाळेत. अंडाशयावर पाणी भरलेल्या पुटकुळ्या असतात. त्यांत बारीक सुई घालून ती आतलं पाणी ओढते, आणि त्यातल्या पेशी प्लॅस्टिकच्या चपट्या डिशमध्ये वाढवते. पेशी वाढवायच्या खोलीची किल्ली मामीच्या गळ्यात असते. लग्नाआधीपासून ती हे काम करतेय. पेशी उबेत ठेवायच्या उबवणपेटीचं दार आपटलं तर मामाचीही गय करत नाही.

या पेशी प्रोजेस्टेरॉन नावाचं स्टेरॉइड बनवतात. गर्भ टिकायचा तर ते लागतंच. पण मनाला येईल तेव्हा नाही बनवत. मेंदूखालच्या ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तातून येतं. पेशीच्या अंगावर त्याच्यासाठीच रिसेप्टर असतात. मामीच्या भाषेत, दारावरची घंटा. घंटा वाजली की आत निरोप्या धावतो, निरोप पोचला की कोलेस्टेरॉलपासून प्रोजेस्टेरॉन बनवायचा कारखाना चालू.

आता सर. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. आधी घसा खाकरतात, मग "थोडक्यात सांगायचं तर" म्हणतात, आणि मग ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. मी शाळा सुटल्यावर बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसते. मधलं दार नीट लागत नाही, त्यामुळे सर मला तोंडपाठ आहेत.

त्या आठवड्यात सरांना घाई होती. ज्यांच्या निधीवर प्रयोगशाळा चालते ती समिती येणार होती.

"थोडक्यात सांगायचं तर, बाई, प्रोजेस्टेरॉन कमी पडतंय. संप्रेरकाचा डोस वाढवा. भरपूर वाढवा. आणि रोज द्या."

"सर, सारखी घंटा बडवली तर पेशी घंटाच आत ओढून घेतात. मग काहीच मिळणार नाही."

"पेशीला काय कळतंय, बाई! हॅ हॅ हॅ. आपण सगळे एक कुटुंब आहोत. करा."

करा म्हणजे करा. मामीने केलं. आधी प्रोजेस्टेरॉन उसळलं, सर शीळ घालत फिरले. मग ते उतरत उतरत जवळजवळ शून्यावर आलं. आणि सरांनी काय करावं? डोस कोणी वाढवायला सांगितला, हे साफ विसरले.

"मेल्या पेशी. मारल्यात तुम्ही. घर, संसार, त्यात ही भाची, लक्ष कुठून लागणार? फेकून द्या त्या डिश. समितीसमोर मी जाहीर करणार आहे, यापुढे या खोलीची किल्ली यांच्याकडे."

'यांच्याकडे' म्हणजे टायवाल्याकडे. टायवाला म्हणजे प्रयोगशाळेतला सरांचा लाडका मदतनीस. "येस सर"च्या पलीकडे त्याचा आवाज मी ऐकलेला नाही, त्यामुळे त्याची नक्कल करायला काही हातीच लागत नाही. आणि मामीने काय करायचं? रसायनं मागवायची, बाटल्या मोजायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईने हात दुखेपर्यंत थर्मास वाहिले, तिच्यावरच खापर!

घरी मामा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. नोकरी तर आहे."

"तुझी गाडी कोणी चालवून बंद पाडली आणि म्हणाला तूच मोडलीस, तर म्हणशील जाऊ दे?"

मामा भाजी चिरायला लागला.

मामीने डिश फेकल्या नाहीत. एका डिशमध्ये निळा रंग टाकला. मेलेली पेशी तो रंग पिते, जिवंत पेशी आत शिरू देत नाही. मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. एखाददुसरा निळा ठिपका, बाकी सगळ्या लख्ख. दुसऱ्या डिशमध्ये तिने संप्रेरक दिलंच नाही. घंटा वाजल्यावर जो निरोप्या धावतो, तसाच तयार निरोप्या थेट पेशीच्या आत शिरेल अशा रूपात दिला.

"पुढच्या दाराची घंटा काढलीय ना, मग मागच्या दाराने जायचं. घरात कोणी असेल तर ओ देईल."

पेशींनी ओ दिली. प्रोजेस्टेरॉन भरभरून आलं. म्हणजे कारखाना शाबूत होता, घंटा तेवढ्या नव्हत्या.

मामीने सरांना आकडे दाखवले. सरांनी घसा खाकरला. "हं. मी म्हणतच होतो."

समिती आली. मी बाहेर, कान दाराला. आतून सर सांगत होते, "थोडक्यात सांगायचं तर, आमच्या लक्षात आलं की रिसेप्टर म्हणजे दारावरची घंटा…"

मामीची घंटा! मामीचं मागचं दार! तिचेच शब्द, तेही बिघडवून. सर म्हणाले, घंटा बिघडते. बिघडत नाही हो, आत ओढून घेतात! चोरायचं तर नीट तरी चोरा. नक्कल करण्याला काही इमान असतं.

समितीतल्या एका वयस्कर बाईंचा आवाज आला, "मग ही घंटा पुन्हा दारावर येते का?"

खाकरणं. आणखी एकदा खाकरणं. "ते… आमच्या बाई सांगतील. आणि हो, त्यानंतर मला किल्लीबद्दल एक जाहीर करायचंय."

"येते," मामी म्हणाली. "संप्रेरक धुऊन काढायचं आणि पेशींना स्वस्थ बसू द्यायचं. काही आत ओढलेल्या परत येतात, काही पेशी नव्या बनवतात. अशी धुतलेली एक डिश उबवणपेटीत आहे, आज सकाळी साध्या डोसला तिने ओ दिलीय. पण हे मधूनच कळायचं नाही. सुरुवातीपासून सांगते. डोस वाढवू नका असं मी म्हणाले होते. सरांनी वाढवायला लावला. पेशी गप्प झाल्यावर सर म्हणाले, मेल्या, फेकून द्या."

"बाई, आपण कुटुंब…"

"हो सर. म्हणूनच सगळ्यांसमोर सांगतेय."

आत खुर्ची करकरली.

"ती डिश बघायचीय मला," त्या वयस्कर बाई म्हणाल्या. "पेशींच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

"येस स…" टायवाल्याने सुरुवात केली आणि उरलेलं तिथेच गिळलं.

"माझ्याकडे," मामी म्हणाली. गळ्यातून किल्ली काढल्याचा आवाज मी ओळखते. "या. दार हळू लावा फक्त."

सरांना किल्लीबद्दल जे जाहीर करायचं होतं, ते त्या दिवशी राहिलं ते राहिलंच. माफी मात्र त्यांनी अजून मागितलेली नाही. काल सांगत होते, "थोडक्यात सांगायचं तर, मीच बाईंना डिश ठेवायला सांगितल्या." मी बाहेरून जोरात खाकरले, अगदी त्यांच्यासारखी.