शेळीला मिळालेली मुदत

संशोधन संस्थेच्या पशुगृहाचे हे रखवालदार. त्यांचे पूर्ण नाव हजेरीपटापुरतेच उरले होते. शिस्तीमुळे सारे त्यांना सुभेदार म्हणत. विसाव्या वर्षी नोकरीस लागले, साठाव्या वर्षी सेवानिवृत्त झाले. या प्रदीर्घ सेवेतील एकाच शेळीची हकिकत येथे सांगायची आहे.

गर्भात स्वादुपिंड घडू लागते, तेव्हा तेथील पेशींत एक विशिष्ट प्रथिन दिसते. ते शेळीला टोचले, की तिचे रक्त त्याला परके मानून प्रतिपिंडे तयार करते. ती प्रतिपिंडे गर्भाच्या पातळ कापांवर सोडली, की नेमक्या त्याच पेशी रंगवून ओळखता येतात. रक्ताचा कस, म्हणजे त्यातील प्रतिपिंडांचा जोर, शिगेला पोहोचला, की शेवटचे रक्त घ्यायचे, म्हणजे सगळेच, असा शिरस्ता होता.

ही शेळी पांढरी, एक कान काळा, आणि भारी नखरेल. सुभेदारांची चाहूल लागताच दाराशी धावत येई. चारा त्यांच्याच हातचा खाई.

"माझ्या ताटाकडे कधी बघितलंत इतक्या काळजीनं?" पत्नी म्हणे. "तिच्याशीच थाटा संसार!"

एके सकाळी प्रयोगशाळेच्या बाई हसतमुखाने आल्या. "सुभेदार, काय रक्त आहे हो! कापावर एकही चुकीचा डाग नाही."

सुभेदारांनी हातातला चारा खाली ठेवला. "मग... दिवस ठरला?"

"पुढचा आठवडा."

जन्मात कोणापुढे हात न पसरलेला माणूस म्हणाला, "बाई, मारू नका तिला. थोडं थोडं रक्त घ्या. मी सांभाळतो."

बाईंनी क्षणभर विचार केला. "चालेल. उन्हाळा संपला की कुरणात सोडू. तोवर टोचणं मात्र चालू राहील."

त्या दिवशी सुभेदार हवेत तरंगत घरी गेले.

टोचणे चालू राहिले. पाठीवर गाठी आल्या, पिकल्या, फुटल्या. मानेची शीर दोरीसारखी कडक झाली. सुई टोचताना शेळीचे डोके धरायला सुभेदारच लागत. मग त्यांची पावले वाजली, की ती भिंतीकडे तोंड करून थरथरू लागली. पत्नीने थट्टा सोडली. नवऱ्याचे कपडे ती वेगळे भिजवू लागली. पुवाचा वास जात नव्हता.

उन्हाळा संपला. "बाई, कुरणाचं?"

"पुढच्या महिन्यात बघू. मागणी फार आहे."

पुढचा महिनाही गेला. एका सकाळी शेळीने त्यांच्या हातचा चारा हुंगलासुद्धा नाही. सुभेदार तडक प्रयोगशाळेत गेले.

"शेवटचं घ्या आता."

"अहो, कस उतरलेला नाही अजून."

"ती उभी राहत नाही, बाई."

दुपारी त्यांनीच तिचे डोके धरले. या वेळी ती थरथरली नाही.

त्यानंतर कोणत्याही जनावराला मुदत द्यायची नाही, असा नियम झाला. तो सुभेदारांनीच बाईंकडे आग्रहाने मागून घेतला होता. त्या शेळीची प्रतिपिंडे शीतपेटीत अजून शिल्लक आहेत आणि चोख काम देतात. कुरणाचा शब्द तेवढा राहून गेला.