व्याह्यांचा टोंगया

आमच्या व्याह्यांइतक्या प्रेमानं स्वतःच्या गुडघ्याविषयी बोलणारा माणूस उभ्या खानदेशात सापडायचा नाही. हे मी उगाच म्हणत नाही. जळगावात हाडांचा डॉक्टर म्हणून तीस वर्षं मी गुडघ्यांखेरीज फारसं काही पाहिलेलं नाही. लोक गुडघ्याची तक्रार करतात, त्याला शिव्या देतात, कुणी कुणी तर तो माझाच असल्यासारखे माझ्यावर डाफरतात. व्याही मात्र घरातल्या एखाद्या हुशार पण वांड पोराबद्दल बोलावं तसं बोलतात. "आज सकायपासून टोंगया रुसला आहे," असं म्हणतात आणि गालात हसतात. टोंगया म्हणजे गुडघा. फैजपूर-यावल पट्ट्यात 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे केळीची केयी होते, डोळ्याचा डोया होतो आणि टोंगळ्याचा टोंगया. मी मूळचा सातारकडचा. इथं नवा होतो तेव्हा पेशंटला "काय होतंय?" विचारलं की तो म्हणायचा, "कय". मी पुन्हा "काय?", तो पुन्हा "कय". कळ येते हे मला कळेपर्यंत बाहेरच्या बाकावर दहा माणसं जमलेली असत.

व्याह्यांची आणि या टोंगयाची ओळख मला एकाच दिवशी झाली. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा चांगला, घर केळीबागाईतदाराचं, सगळं जुळत आलं होतं आणि मुलाचे वडील एकदम घसा खाकरून म्हणाले, "बाकी काही नाही, पन आमची एक अट आहे." माझा मेहुणा पाण्याचा पेला हातात धरून तसाच बसला. वडिलांनी उजवा पाय पुढे केला, धोतर गुडघ्यापर्यंत वर सारलं आणि म्हणाले, "ह्या टोंगयाचा फोटो तुमी स्वतः पाहून द्यायचा." लग्न ठरलं. फोटोही काढला, म्हणजे एक्स-रे. गुडघ्यातली फट एका बाजूनं पार मिटत आली होती, कडेला हाडाची टोकं वाढली होती. वयाच्या मानानं नेहमीचीच झीज. मी गोळ्या दिल्या, मांडीचे व्यायाम शिकवले आणि झालं ते काम असं समजलो.

ते झालं नव्हतं, सुरू झालं होतं. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी व्याही यावलमार्गे येणाऱ्या एसटीनं जळगावात उतरू लागले. माझा दवाखाना खाली आणि घर वर. दवाखान्यात शिरण्याआधी ते डोक्यावरची पांढरी टोपी काढून खिशात घालायचे, नंबर देणाऱ्या बाईंकडून नंबर घ्यायचे आणि बाकावर बसायचे. मी पहिल्यांदा धावत बाहेर जाऊन "अहो, तुम्ही आत या" म्हणालो, तेव्हा त्यांनी मला सगळ्यांदेखत दटावलं. "डाक्टरसाहेब, मी आता पेशंट आहे. नंबर आला की येतो." नंबर आला की आत यायचे, धोतर गुडघ्यापर्यंत सारायचे, मी गुडघा दाबून, वाकवून पाहायचो. मग नमस्कार करून बाहेर पडायचे, रस्त्यावर जाऊन टोपी घालायचे, मी पेशंट थांबवून आतून वर जाईपर्यंत बाजूच्या जिन्यानं येऊन घराची बेल वाजवायचे. हातात केळीची फणी आणि भरताची वांगी. "रामराम याही! डाक्टरकडे आलो व्हतो, म्हटलं जाता जाता तुमाले भेटून जावं." जणू पाच मिनिटांपूर्वी मी त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसलोच नव्हतो.

त्यांचं तर्कशास्त्र पक्कं होतं. सोयरिकीच्या घरी विनाकारण गेलं की मान राहत नाही, आणि पेशंटला मान नसतो, म्हणून तो कितीही वेळा येऊ शकतो. मला त्या मंगळवारांची किती सवय लागली होती, हे त्यांना कधी सांगितलं नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी त्यांच्या घरी गेली होती, आणि या घरात दोन माणसांचा आवाज महिन्यातून एकदाच व्हायचा.

त्यांच्या अभ्यासू वृत्तीबद्दल तर बोलायलाच नको. सगळे एक्स-रे ते मुलाच्या लग्नाच्या अल्बमच्या मखमली खोक्यात ठेवतात आणि अल्बम असतो बाहेर, धूळ खात. लग्नाचे फोटो बघायला आलेल्या पाहुण्यांना आधी खिडकीच्या उजेडात टोंगया बघावा लागतो, मग नवरा-नवरी. औषधोपचारही त्यांनी केळीच्या बागेत खताची परीक्षा घ्यावी तसे केले. दुखत होता उजवा, पण त्यांनी डाव्यालाही कामाला लावलं. उजव्या गुडघ्याला गरम केलेलं रुईचं पान, डाव्याला एरंडाचं, आणि पंधरा दिवसांनी अदलाबदल. "दोन्ही ओयींले एकच खत टाकलं त समजीन कसं?" असं मला विचारलं.

हळूहळू ते दुसऱ्यांचेही गुडघे वाचू लागले. फैजपूरच्या स्टँडवर बसून चालणाऱ्यांच्या चालीवरून निदान करायचे आणि माणूस चिठ्ठीसकट माझ्याकडे धाडायचे. चिठ्ठीत लिहिलेलं असायचं, 'डावा टोंगया, ट्रॅक्टरवाला, क्लच.' तपासावं तर तसंच. एकदा 'हा मान दुखते म्हणीन, उजव्या खांद्यावर केयीचे घड वाहतो' म्हणून एक गडी पाठवला, त्याच्या मानेच्या मणक्यांची एकाच बाजूनं झीज झालेली. सगळ्यात कमाल केली ती यावलकडच्या ऐंशी उलटलेल्या एका अक्कांनी. त्यांचा एक्स-रे पाहून मी खुर्चीतून उठलोच. हाडावर हाड घासत होतं, पाय हलवला की दारापर्यंत करकर ऐकू येई. "किती दिवस दुखतंय अक्का?" विचारलं, तर म्हणाल्या, "दुखत काहीच नाही रे बापा. पन ह्या आवाजानं मांजर मांडीवर बसत नाही." मला वाटतं, माझ्या आयुष्यातली ती एकच केस, जी मांजराच्या तक्रारीवरून आली. व्याह्यांनी त्यावर मान डोलावली आणि म्हणाले, "फोटो अलग, मानूस अलग."

हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं. लक्षात मात्र ठेवलं नाही.

कारण चार वर्षांत त्यांच्या स्वतःच्या टोंगयाचं दुखणं वाढतच चाललं होतं. गोळ्या बदलल्या, पट्टा बांधला, सुईसुद्धा दिली. फरक शून्य. एसटीच्या पायऱ्या चढताना कंडक्टर हात देऊ लागला, मग मागून एखादा प्रवासी ढकलू लागला. एका मंगळवारी ते आलेच नाहीत. फोनवर म्हणाले, "गाडी उभी राह्यली, दार उघडलं, आनि पाय उचललाच नाही. गाडी गेली." हसत सांगत होते, पण मी हसलो नाही. ही गाडी त्यांच्यावाचून अशीच जात राहिली तर आमचे मंगळवार संपणार, हे मला स्वच्छ दिसलं आणि मी घाबरलो.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलता बोलता ती म्हणाली, "बाबा, मामंजींची एक गंमत सांगू? डाव्या पायाची नखं स्वतः कापतात आणि उजव्याची मला कापायला लावतात. म्हणतात, हा पाय दूर गेलाय." मी म्हटलं, "दूर म्हणजे?" ती म्हणाली, "हात पोहोचतच नाही. मांडीसुद्धा घालता येत नाही त्यांना. म्हणून तर पंगतीत बसत नाहीत, शेवटपर्यंत वाढत फिरतात. तुम्हाला माहीत नव्हतं?" मला माहीत नव्हतं. लग्नकार्यात भरताचं पातेलं घेऊन पानापानांतून फिरणाऱ्या व्याह्यांचा नम्रपणा मी चारचौघांत वाखाणला होता. ज्याला स्वतःच्या पायाचं नख गाठता येत नाही, त्याचा दोष गुडघ्यात नसतो, खुब्यात असतो. खुब्याचा सांधा झिजला की कित्येकदा कळ खाली गुडघ्यात उतरते. हे मी कितीतरी नव्या डॉक्टरांना शिकवलं आहे. खुबा तपासायला पेशंटला टेबलावर आडवं करावं लागतं, धोतर उतरवावं लागतं. आणि व्याह्याला धोतर उतरवा कसं म्हणणार? ते माझ्याकडे पेशंट म्हणून आले, मी मात्र चार वर्षं त्यांना व्याही म्हणून तपासलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या फोननंतर मला इतकी लाज वाटली की मी दुपारचे पेशंट परत पाठवले.

जावई त्यांना मोटारीनं घेऊन आला. नंबर घेऊन, टोपी खिशात घालून ते आत आले. मी दार लावलं आणि म्हणालो, "व्याहीबुवा, टेबलावर झोपावं लागेल. धोतर सोडून." ते माझ्याकडे बघतच राहिले. "याह्यासमोर?" मी म्हटलं, "डॉक्टरसमोर." शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, धोतर सोडलं, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवलं, चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर टेबलावर आडवे झाले आणि डोळे गच्च मिटून घेतले. मी त्यांचा घोटा धरला आणि पाय सरळ ठेवून नुसता आतल्या बाजूला वळवला. "टोंगया!" ते ओरडले, "टोंगया पिरगायला तुमी!" मी म्हणालो, "डोळे उघडा. माझा हात टोंगयाला लागलेलाच नाही." त्यांनी उघडले, माझ्या हाताकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं, मग मी बोट ठेवलं त्या जांघेकडे पाहिलं.

खुब्याचा फोटो आला. वाटीतला गोळा चेपून सपाट झाला होता. व्याह्यांनी तो उजेडात धरला, खूप वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "म्हंजे इतके दिस हा बिचारा टोंगया फुकट बोल खात व्हता?"

मी म्हणालो, "चूक माझी आहे. पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं."

"तुमची नाही," ते धोतराच्या निऱ्या करत म्हणाले, "ह्या धोतराची आहे."

असं बोलून त्यांनी मला सोडून दिलं. मी स्वतःला अजून सोडलेलं नाही.

माझ्याकडे पूर्वी शिकून गेलेल्या एका सर्जननं इथंच जळगावात त्यांचा खुबा बदलला. ऑपरेशनआधी व्याह्यांनी त्याला विचारलं की जुना गोया घरी नेता येईल का. नाही म्हटल्यावर निदान मोबाइलवर फोटो तरी घ्या, असा हट्ट धरला. तो फोटो आता मखमली खोक्यातल्या एक्स-रेंच्याही आधी पाहुण्यांना दाखवला जातो. तीन महिन्यांत काठी सुटली. मुलीनं व्हिडिओ पाठवला. व्याही केळीच्या दोन ओळींमधून ताठ चालत जात आहेत, कॅमेऱ्याकडे न बघता. मी तो सातआठ वेळा पाहिला. उजवा गुडघा अजिबात दुखत नव्हता.

आणि मग मंगळवार आला, गेला. पुढच्या महिन्यातलाही गेला. मी फोन केला, "या ना एकदा." ते म्हणाले, "कशाले?" मी म्हटलं, "सहज." मग म्हणाले, "सहज कसं येता येते, याही? काही कारन नोको का?" मी त्यांना आडून आडून सुचवलं की डावा गुडघा एकदा दाखवून घ्या, वय झालंय. तर म्हणाले, "डावा ठनठनीत आहे. लबाड कशाले बोलू?" मी तरी त्यांच्याकडे उठून जाऊ म्हटलं, तर मी पडलो मुलीचा बाप, वरचेवर लेकीच्या घरी जाऊन बसलो तर तेच आधी ओशाळतील. आता केळी येतात, वांगी येतात, जावयाच्या गाडीतून. फण्या टेबलावर पिकून काळ्या होतात. एकट्यानं किती खायच्या?

परवा जिना उतरताना माझ्याच गुडघ्यात कळ आली. कठड्याला धरून उभा राहिलो. बरोबर आतल्या बाजूला, नेहमीचीच झीज, निदानाला वेळ लागला नाही. एवढ्या वर्षांत गुडघा दुखल्याचा आनंद झालेला मी पहिलाच माणूस असेन. वर परत गेलो आणि फोन लावला.

"व्याहीबुवा, माझा गुडघा दुखतोय."

तिकडे खुर्ची सरकवल्याचं ऐकू आलं. "कोनता?"

"डावा."

"फोटो काढू नका अजून. मी येतो मंगयवारी. पहिले तुमाले चालताना पाहू द्या."

मंगळवारला अजून चार दिवस आहेत. कपाटात गोळ्यांची पाकिटं आहेत, पण मी एकही घेतलेली नाही. तोवर दुखणं टिकायला हवं.