मुलुंडच्या काकांचा मायक्रोफोन

मी जुने रेडिओ दुरुस्त करतो. मुलुंडच्या एका काकांनी हॅम रेडिओसाठी, म्हणजे हौशी लोक दूरच्या मित्रांशी बोलायला वापरतात त्या सेटसाठी, घरी बोलावलं. घशाच्या कॅन्सरमुळे दुसऱ्या दिवशी त्यांचं स्वरयंत्र काढणार होते. त्याआधी त्यांना रेडिओवरच्या मित्रांशी बोलायचं होतं. पण कुठून तरी मिळवलेला जुना मायक्रोफोन त्याहून जुन्या ट्रान्समीटरला जुळत नव्हता, आवाज अगदी क्षीण जात होता.

‘त्यांना माझा आवाज नीट ऐकू जाऊ दे, बस्स,’ गळ्यावर तळहात ठेवून ते खरखरत म्हणाले.

मी मधे छोटा ट्रान्सफॉर्मर जोडला. काकांनी आपला कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं ओळखचिन्ह, सांगून हाक दिली.

पलीकडून मित्र म्हणाला, ‘स्वच्छ ऐकू येतंय. पण आपण कोण? जरा त्यांना माइक द्या ना.’

जोडणीत काही खोट नव्हती. आवाज होता तसाच पोचला होता.

‘ते बाहेर गेलेत,’ काका म्हणाले आणि त्यांनी स्वतःच सेट बंद केला.