चंद्रभागेची बांगडी

“माल्यात चंद्रभागा नावाची बाईच न्हाई,” पोलीस पाटील म्हणाले. “तीन येळा इचारलंत, तिनी येळा त्येच सांगतोय.”

माझ्या हातात पुण्याहून आलेली चिठ्ठी होती. चंद्रभागा, माले, ताबडतोब पाठवा. ते नाव रजिस्टरात मीच लिहिलेलं. म्हणजे बाई हरवली होती, आणि ती माझ्याच हातून.

साठ-पासष्टचा सुमार. मी पौडच्या दवाखान्यात नर्स होते. डॉक्टर गोडबोले बाई महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, पुण्याहून यायच्या आणि बायकांचा स्मिअर घ्यायच्या. स्मिअर म्हणजे काही भयंकर नाही. आईस्क्रीमच्या चमच्यासारखी लाकडी पट्टी गर्भाशयाच्या तोंडावरून हलकेच फिरवायची, तिला लागलेलं काचेवर पसरायचं आणि काच लगेच स्पिरिटमध्ये बुडवायची. पुण्यात ती रंगवून मायक्रोस्कोपखाली बघतात. कॅन्सर व्हायच्या कितीतरी आधी तिथल्या पेशी बिघडायला लागतात, त्या दिसतात. बाईला तेव्हा काही दुखतखुपत नसतं. बाजाराचा दिवस अशासाठी, की मीठमिरचीला म्हणून घरातून निघालेल्या बायका आमच्याकडे गुपचूप येऊन जायच्या.

मी पुण्याला जाऊन गोडबोले बाईंना सांगितलं, बाई सापडत नाही.

“काच माझ्याकडे आहे, म्हणजे बाई आहे,” त्या म्हणाल्या. “अजून कॅन्सर झालेला नाही, सिस्टर. आत्ता आली तर बरी होऊन घरी जाईल. दोन वर्षांनी आली तर मी तसं म्हणू शकणार नाही. शोधा.”

परतताना एसटीत मी स्वतःवरच चिडले होते. नवऱ्याचं नाव विचारल्यावर ती खाली बघत राहिली होती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, बाहेर रांग लागलेली, मी जागा कोरी सोडून पुढे गेले. आणि आता लक्षात आलं, चंद्रभागा हे तिचं माहेरचं नाव असणार. लग्नात बदललेलं. सासरी ते कुणाच्या तोंडात नसतं, म्हणून तर तिने ते सांगितलं.

मग आणखी एक आठवलं. तपासताना तिने टेबलाची कड गच्च धरली होती आणि एक हिरवी बांगडी वाढली होती. सवाष्णीची बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. तुकडे तिने पदराच्या टोकाला बांधले. आता अशी बाई कमी बांगड्यांचा हात घेऊन सासूसमोर जाईल? छे.

उतरल्याबरोबर मी बाजारपेठेत चांदबीचं घर गाठलं. चांदबी बांगड्या भरायची. तालुक्यातले निम्मे हात तिच्या हातातून गेलेले.

“एकच बांगडी? भरली की,” ती म्हणाली. “हात निस्ता गार पडला हुता पोरीचा. माल्याची सुमन ती. भुकूमची लेक, माहेरची चंद्रभागा. लग्नाचा चुडा मीच भरलाय तिचा.”

“मला घर दाखवाल?”

“तुमी एकल्या गेल्या तर नर्सबाई कशाला आली म्हनून गाव इचारंल. म्या येते टोपली घिऊन.”

दुसऱ्या दिवशी माल्याला गेलो. सासू ओसरीवर तांदूळ पाखडत होती. चांदबीने टोपली टेकली आणि आधी सासूचाच हात धरला. बांगडी मुठीच्या हाडावर आली, तशी तिने मला डोळ्याने खुणावलं. मी सगळं सांगून टाकलं. दारात सुमन उभी होती, पांढरीफटक.

“मला न सांगता गेली व्हय?” सासूने हात ओढला.

“हलू नगा, काच लागंल,” चांदबी म्हणाली.

“सांगितलं असतं तर पाठवलं असतंत?” मी विचारलं.

“न्हाई.”

“आता पाठवाल? आता गेली तर बरी होईल. उशीर केलात तर माझ्याकडे पुन्हा येऊ नका.” हे बोलायला नको होतं, पण मी बोलले.

सासूने सुमनकडे पाहिलं. “चार पोरं हायेत तिची. म्या काय जन्माला पुरनार हाय त्यास्नी?” मग माझ्याकडे वळली. “किती दिस लागत्याल?”

“तीनेक आठवडे.”

“मंग भातलावणीच्या आत घिऊन जा.”

पुण्यात सुमनची गर्भपिशवी काढली. बिघाड तिथल्या तिथेच होता, पुढे पसरलेला नव्हता. गोडबोले बाईंचा निरोप आला त्या दिवशी मी दवाखान्यात एकटीच बसून रडले. त्या साली लावणीला सुमन शेतात उतरली नाही. सासूने उतरू दिलं नाही.

मी रजिस्टरात नवे रकाने आखले. सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव, बांगड्या कुणाकडे भरता. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. “सिस्टर, याचा वैद्यकीय उपयोग काय?”

“बाई सापडते,” मी म्हटलं.

दिवाळीनंतरच्या एका बाजारी सुमनची सासू स्वतःच रांगेत उभी राहिली. टेबलावर चढायच्या आधी म्हणाली, “माजी वाढली तर भरून कोन देनार?” मी जुनं लुगडं आणून टेबलाच्या कडेला गुंडाळलं. ते कायमचंच राहिलं. पुढे माझ्या टेबलावर एकही बांगडी वाढली नाही, बाई शोधायला ती खूण उरली नाही, त्यामुळे रजिस्टर नीट लिहिणं भागच पडलं.