साहेबांचं जेवण आणि खाडीची झडप

मीटरचा आकडा बघून मी मीटरच बदललं. दुसऱ्या मीटरनेही तोच आकडा दाखवला. शालिनीकाकींच्या शेतातलं पाणी खाडीइतकंच खारट होतं. भात पोटरीवर आलेलं, पानांची टोकं करपलेली. बांध शाबूत, झडप घट्ट बंद. मग पाणी आलं कुठून?

"इंजिनेरानू, सांगा काय ता," काकी म्हणाल्या. "तुमी नुसते मीटर बुडयतास."

मालवणच्या खाडीकाठचं हे गाव. नाव सांगत नाही, कारण तिथे पोटभर जेवलोय. गेल्या वर्षी रिटायर होईपर्यंत माझं काम होतं खारजमिनी सांभाळण्याचं. खाडीलगतची शेतं समुद्राच्या पाण्यापासून वाचवायला मातीचा बांध असतो. बांधात मोरी असते आणि मोरीच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली लाकडी झडप. भरती आली की खाडीचं पाणीच झडपेला ढकलून बंद करतं. ओहोटी लागली की शेतातलं पाणी तिला उघडून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही, ऑपरेटर नाही. आमच्या ऑफिसात इतकी कामसू वस्तू दुसरी नव्हती.

भर पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर असतं, थोडं आत आलं तरी चालून जातं. सप्टेंबरात पाऊस ओसरला की खाडी पुन्हा खारट होते, आणि नेमकं तेव्हाच भाताच्या पोटात दाणा धरत असतो. त्या दिवसांत एक भरती आत आली तरी पीक गेलं. काकींचं दोन वर्षं असंच गेलं होतं. त्यांचं शेत मोरीला लागून, सगळ्यांत सखल. नवरा मुंबईत नोकरीला, शेत एकट्या काकी बघायच्या. सातबाऱ्यावर दिराचंही नाव.

"दीर म्हणता, औंदाव भात पिकला नाय तर दिवाळीनंतर जमीन कोळंबीच्या तळ्याक देवया," त्यांनी सांगितलं. "एकदा तळा झाला काय मगे थंय भात होवचा नाय."

हे खरं होतं. त्यामुळे काकी अर्ज करायच्या. अर्ज आला की ओरोसच्या आमच्या ऑफिसातून पाहणी निघायची. आठवडाभर आधी सरपंचांना पत्र, मग जीप, मग साहेब. साहेब देशावरचे. बदलीने कोकणात आले आणि आल्या आल्या माशांच्या प्रेमात पडले. आम्ही बांधावरून फिरायचो. झडप शहाण्या मुलासारखी बंद असायची. साहेब म्हणायचे, "झडपेच्या कडेचं रबर बदला." मी रबर बदलायचो. मग सरपंच भाईंकडे जेवण. खाडीतल्या ताज्या माशांचा बेत: काळुंद्र्यांचं तिखलं, तळलेले शेवटे, सोलकढी. भाई आग्रह करायचे आणि आम्ही त्यांना फार त्रास द्यायचो नाही. दोन वर्षांत त्या मोरीचं रबर तीनदा बदललं. शेतातून मातीचे नमुने नेले, जिप्सम टाकलं, बांधावर माती चढवली. खारटपणा जैसे थे.

मीटर बदललं त्यानंतर आठवड्याने पुन्हा पाहणी ठरली, बुधवारी. मंगळवारी माझी तळेऱ्याला मीटिंग होती, ती ऐनवेळी रद्द झाली. म्हटलं, आजच जाऊन मोरी बघून ठेवू.

मोरीपाशी पोचलो तर झडप सताड उघडी. खाली अर्धा चिरा अडकवलेला. भरतीचं पाणी खळाळत आत चाललेलं. आणि गुडघाभर पाण्यात, लुंगी वर खोचून, हातात जाळं घेऊन खुद्द सरपंच भाई.

"भाई, हे काय?"

भाई दचकले. "तुमी फाल्या येवचे होतास मा?"

"झडप कोणी उघडली?"

"मियाच. फाल्या सायब येतले. त्येंच्या ताटात काय बर्फातले बांगडे वाढू? भरतीबरोबर मासे भितर येतत, ओहोटीक तोंडाशी जाळा लावायचा. मगे झडप परत बंद करतंय. तुमी बघतास ना, बंदच आसता."

"प्रत्येक पाहणीच्या आदल्या दिवशी?"

"तर! गावाची अब्रू आसा. गेल्या टायमाक सायबांनी तिखला तीन येळा घेतल्यानी."

मी चिरा काढायला वाकलो. कारण चारदा घेणारा मी होतो.

चिरा काढला. टूर डायरी उघडून आमच्या पाहण्या आणि खारटपणाचे आकडे शेजारी मांडले. प्रत्येक पाहणीला आकडा चढलेला; एकही सुटली नव्हती, काकींच्या पहिल्या अर्जाआधीची वार्षिक पाहणीसुद्धा. भाईंचं शेत वरच्या अंगाला, त्यांना एका भरतीने काही होत नव्हतं. काकींना काय होतंय हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्याही आलं नव्हतं, आणि आम्हाला त्याचाच पगार होता.

काकींना सांगणं भाग होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी अर्ज करतंय, म्हणान तुमी येतास. तुमी येतास, म्हणान माझ्या शेतात खारा पाणी येता. मगे मी परत अर्ज करतंय." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अर्जच करूक नको होतो."

मला भयंकर लाज वाटली. खूप वर्षांनी वाटली, त्यामुळे चांगलीच लक्षात राहिली.

ओहोटीला शेतातलं पाणी निघेल तेवढं काढून टाकलं. नशिबाने दोन दिवस सरी पडल्या, बाकीचं त्यांनी धुतलं. पण हंगाम संपेपर्यंत आणखी तीन पाहण्या ठरलेल्या होत्या. भाईंना म्हटलं, झडपेला हात लावू नका. त्यांनी हात जोडले. "सायबांनी मासे मागले तर माका नाय म्हणूक जमाचा नाय." आणि साहेबांना 'तुमच्या जेवणामुळे शेत बुडतंय' हे सांगायला मलाही जमणार नव्हतं. पेन्शन जवळ आली होती.

शेवटी मी कॅलेंडर उघडलं. तिन्ही पाहण्या पुन्हा लावल्या: दोन सोमवारी, एक संकष्टीला. त्या दिवशी त्या गावात कोणाच्याही चुलीवर मासा चढत नाही. भाईंनी पत्र वाचलं आणि सुटकेचा श्वास टाकला.

साहेब मात्र भडकले. "अहो, आठवड्यात सात वार असतात. सोमवारी मालवणात कोण जातं?"

"बाकीच्या दिवशी मीटिंगा आहेत साहेब."

पहिल्या सोमवारी साहेब भाईंकडे डाळ-भात जेवले आणि बांधावर फक्त दहा मिनिटं थांबले. संकष्टीला जीपमधून उतरलेच नाहीत. मीटरचा आकडा मात्र उतरत गेला.

शेवटच्या पाहणीपर्यंत कापणी झाली होती. भात भरघोस नव्हतं, पण होतं. काकींनी दिराला फोन करून सांगितलं, तळं दुसरीकडे खणा. त्या सोमवारी जेवण काकींकडे होतं. नव्या तांदळाचा भात, वालीची भाजी, सोलकढी. साहेबांनी आशेने चुलीकडे पाहिलं.

"मासे नाहीत का हो?"

"आसत सायबानू," काकी भात वाढत म्हणाल्या. "पण खाडीत आसत."

साहेबांनी अहवालात लिहिलं, 'रबर बदलल्याने समस्या सुटली.' मी सही केली. एवढ्या वर्षांच्या नोकरीतून नव्या इंजिनिअरांना एकच सांगण्यासारखं आहे: पाहणीला जाताना डबा घरून न्यावा.